हरवलेल्या फोल्डरमधली तीन वर्षं

भांडणाला पुरावा लागतो, आणि माझ्याकडे तो होता. आमचं लग्न ठरलं होतं पण व्हायचं होतं, मी पुण्यात होते आणि माझा होणारा नवरा कलकत्त्यात नुकताच नोकरीला लागला होता, तेव्हा त्याने मला एक मेल पाठवला होता. कलकत्त्यात आपण फक्त तीन वर्षं राहायचं, असं त्यात त्याने लिहिलं होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं ते, पण 'फक्त' हा शब्द त्यातही स्वच्छ वाचता येत होता. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. आम्ही अजून कलकत्त्यातच आहोत.

पहिली तीन वर्षं मी त्या मेलबद्दल अवाक्षर काढलं नाही. चौथ्या वर्षापासून जो विषय काढायला लागले तो आजतागायत. उन्हाळ्यात दिवसातून तिसऱ्यांदा अंघोळ करायची वेळ आली की काढायचा. वाळत घातलेले पापड दमट हवेने वातड झाले की काढायचा. रविवारी नवरा पिशवीभर पाबदा मासे आणून माझ्या शाकाहारी ओट्यावर साफ करायला बसला, की मग तर काढायचाच. 'तीन वर्षं म्हणाला होतास,' एवढंच मी म्हणायची, की तो गप्प. एरवी हा माणूस वाद घालण्यात पटाईत आहे. कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या यावर तो अर्धा तास बोलू शकतो. पण या एका बाबतीत त्याने कधी तोंड उघडलं नाही, आणि मी त्याचा सरळ अर्थ 'गुन्हा कबूल' असा लावून टाकला होता.

माझ्या आईलाही मेलमधली ती ओळ तोंडपाठ होती. ती पुण्यात माझ्या भावाकडे असते. 'तीन वर्षं सांगून माझ्या पोरीला तिकडे अडकवून ठेवलंन,' हे तिचं वाक्य आमच्या समस्त नातेवाइकांना ठाऊक आहे. दर दिवाळीला जावई पाया पडायला वाकला की ती आशीर्वाद देता देता विचारायची, 'मग, यंदा तरी?' तो हसून 'बघू या' म्हणायचा. मी बाजूला उभी राहून बिचाऱ्या बायकोचा चेहरा करायची.

आम्ही राहतो ते बागबाजारात, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर घरमालक राहतात. ते ऐंशीच्या पुढचे आहेत आणि एकटे आहेत. मी त्यांना काकाबाबू म्हणते, ते मला बोउमा म्हणतात, म्हणजे सूनबाई. मराठ्यांना अडवण्यासाठी या शहराभोवती एकेकाळी खंदक खणायला घेतला होता आणि त्याची सुरुवात आमच्याच भागातून झाली होती. तो खंदक पुरा झालाच नाही, त्यामुळे आज वरच्या मजल्यावर कोण येऊन बसलंय बघा, हा विनोद काकाबाबू मला वर्षातून किमान सहा वेळा सांगतात. मी सहाही वेळा हसते.

यंदाची दिवाळी पुण्याला करून आम्ही परत आलो, त्याच आठवड्यात काकाबाबू जिना चढून वर आले. एवढा जिना ते हल्ली चढत नाहीत, तेव्हा काहीतरी विशेष असणार हे कळलं. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं, की वरचा मजला विकायचा आहे. पहिला हक्क तुमचा. घ्यायचा तर घ्या, नाहीतर त्यांच्या पुतणीला हवाच आहे. फक्त पौष लागायच्या आत काय ते सांगा, कारण पौषात त्यांच्याकडे घरादाराची बोलणी करत नाहीत.

एरवी अशा वेळी माझ्या नवऱ्याचं एक ठरलेलं उत्तर असायचं. तो खिदिरपूरच्या गोदीत जहाजांची पाहणी करून अहवाल लिहिण्याचं काम करतो. पुण्याचा विषय बाहेरच्या कुणी काढला की तो म्हणायचा, 'पुण्यात बंदर काढा, दुसऱ्या दिवशी हजर होतो.' पण आता त्याच्याच कंपनीने विचारलं होतं, की इतरांचे अहवाल घरी बसून तपासाल का, तुम्ही कुठेही राहा. त्यातच आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधले भाडेकरू दिवाळीआधीच सोडून गेले होते. म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदाच पुण्याचा रस्ता सताड उघडा होता. हे घर घ्यायचं किंवा पुण्याला जायचं, दोनांपैकी एक आणि तेही पौषाच्या आत.

काकाबाबू खाली गेले आणि नवऱ्याने विचारलं, 'बोल. काय करायचं?'

'तू काय लिहिलं होतंस ते तुला माहीत आहे,' मी म्हटलं.

'मला माहीत आहे,' तो म्हणाला. 'तुला माहीत आहे का?'

बावीस वर्षांत पहिल्यांदा या विषयावर त्याने उलट प्रश्न केला होता. माझं डोकंच फिरलं. 'थांब, आत्ता उघडून दाखवते,' म्हणत मी लॅपटॉप ओढला. खरं सांगायचं तर तो मेल मी शेवटचा कधी वाचला होता ते मलाही आठवत नव्हतं. मुलगी शाळेत जायला लागली त्याच्या आधी कधीतरी असावा. पण देवघरातलं ताम्हन आपण रोज उलटून बघत नाही, ते आहे हे माहीत असतं.

इथे माझी मेल साठवण्याची पद्धत सांगायला हवी. आम्ही मेल करायला लागलो तेव्हा मेलची पेटी इवलीशी असायची, चार फोटो आले की भरून वाहायची. म्हणून मेलचा एक प्रोग्राम संगणकावर बसवून घ्यायचा आणि आलेलं सगळं त्यात उतरवून ठेवायचं, अशी रीत होती. उतरवलेलं सामान ज्या कप्प्यात जातं त्याला म्हणतात लोकल फोल्डर्स. ते इंटरनेटवर नसतात, तुमच्या स्वतःच्या संगणकात असतात. जगाची रीत पुढे बदलली, मी बदलले नाही. संगणक पाच झाले, पण प्रत्येक वेळी हे फोल्डर मी नव्या घरी नेले. त्यांना 'आई', 'काम', 'शाळा', 'लग्नाआधी' अशी नावं होती. ज्या कंपनीकडे आमचे त्या वेळचे मेलचे पत्ते होते ती कधीच बंद पडली. म्हणजे त्या मेलची जगातली एकुलती एक प्रत माझ्या 'लग्नाआधी' या फोल्डरात होती.

मी प्रोग्राम उघडला. डाव्या बाजूला लोकल फोल्डर्स अशी पाटी होती. तिच्याखाली ट्रॅश होतं आणि आउटबॉक्स होतं, आणि दोन्ही रिकामी. बाकी काही नव्हतं. 'आई' नाही, 'काम' नाही, 'लग्नाआधी' तर नाहीच.

मी वर बघितलं. नवरा शांतपणे खारे दाणे खात होता.

'तूच केलंस हे.'

'मला तुझ्या लॅपटॉपचा पासवर्डसुद्धा माहीत नाही.'

'पोरीची जन्मतारीख आहे. कुणालाही कळेल.'

'मग कुणावरही संशय घे की. माझ्यावरच का?'

'कारण फायदा तुझा आहे!'

त्याने दाण्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी ती परत सरकवली. लॅपटॉप बंद करून चालू केला, पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. शोधायच्या चौकटीत 'तीन वर्ष' असं इंग्रजी अक्षरांत सात तऱ्हांनी लिहून पाहिलं. एकही मेल सापडला नाही. तो शुक्रवार होता, आणि मी चिडून जेवणात मीठ टाकायची विसरले. नवऱ्याने काही न बोलता वरून घेतलं, त्याने मला आणखीनच राग आला.

शनिवारी सकाळी मी शहाण्यासारखं मदतीचं पान उघडलं. ते मराठीत होतं. पहिलंच वाक्य होतं, 'आपले स्थानिक फोल्डर दिसत नसल्यास घाबरून जाऊ नका.' हे ज्याने लिहिलंय त्याला माझ्यासमोर उभं करा, असं मी मोठ्याने म्हणाले. आणि मग मला आठवलं, की माझा पोटापाण्याचा उद्योग तोच आहे. मी घरी बसून भाषांतरं करते. मोबाइलच्या सूचना, मिक्सरची माहितीपत्रकं आणि संगणकाच्या प्रोग्रामांची ही असली मदतीची पानं, इंग्रजीतून मराठीत. 'घाबरून जाऊ नका' हे मी गेल्या अठरा वर्षांत किती लोकांना सांगितलं असेल याची गणती नाही. हे पान माझं नव्हतं, पण माझ्यासारख्याच कुणीतरी, जेवणाआधी काम संपवायच्या घाईत लिहिलेलं होतं. 'आपली प्रोफाइल योग्य असल्याची खात्री करा.' अहो बाई, कशी करू?

दुपारपर्यंत काकाबाबूंना कळलं. आमच्या जिन्यात बोललेलं खाली स्पष्ट ऐकू जातं. त्यांनी सुचवलं, की यंत्राला जरा ऊन दाखवा. पावसाळ्यानंतर ते आपल्या पुस्तकांना दरवर्षी गच्चीवर ऊन दाखवतात, त्याने कसर लागत नाही. मी म्हटलं, काकाबाबू, कसर लागलेली नाही, चोरी झाली आहे. त्यांनी काळजीने विचारलं, 'की गेलो?' काय गेलं? आता त्यांना काय सांगणार, की मी तुमचं घर सोडून जाणार याचा पुरावा गेला.

आणि त्या दोन दिवसांत एक विचित्र गोष्ट झाली. पुरावा नसल्यामुळे मी भांडलेच नाही. शनिवारी संध्याकाळी गंगेच्या घाटावर फिरायला गेले. रुळाच्या फाटकाशी, शहराला वळसा घालणाऱ्या चक्ररेल्वेची गाडी जाईपर्यंत थांबावं लागतं, तशी थांबले. तिथल्या भाजीवालीशी केळफुलावरून रोजच्यासारखी हुज्जत घातली. ती मला म्हणते की तुला सोलता येत नाही तर घेतेस कशाला, मी म्हणते तू सोलून दे. नंतर पायऱ्यांवर बसून मी पुण्याच्या फ्लॅटला पडदे कुठले लावायचे याचा विचार करायला घेतला. खूप प्रयत्न केला, पण एकही पडदा डोळ्यांसमोर येईना. दिवाळीत पुण्यात असताना पाचव्या दिवशी मला कंटाळा आला होता, हे तेव्हा आठवलं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. फोल्डर हरवल्याने मन लागत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि घरी आले.

रविवारी मुलीने व्हिडिओ कॉल केला. ती बंगळुरूला शिकते. जन्मली आणि वाढली इथेच, त्यामुळे तिचं मराठी घरापुरतं आहे आणि आमच्या घराच्या बाहेर पडलं की थोडं लंगडतं. पण संगणकाच्या बाबतीत ती माझी आई आहे.

'आई, आधी रडू नको,' ती म्हणाली.

'मी रडत नाहीये. चिडलेय.'

'तेच ते. व्ह्यूमध्ये जा. तिथे फोल्डर्स असा लिहिलाय? ऑल वर टिक आहे?'

टिक होती. मग तिने मला प्रोफाइल बघायला लावली. कधी कधी नवी आवृत्ती आली की प्रोग्राम एक कोरी प्रोफाइल उघडतो आणि जुनी बाजूला ठेवतो म्हणे. आमच्याकडे एकच होती. मग अकाउंट सेटिंग्ज, मग डाव्या बाजूला सगळ्यात खाली लोकल फोल्डर्स, त्यावर क्लिक. उजवीकडे एक ओळ आली. हे फोल्डर संगणकात नेमके कुठे ठेवले आहेत त्याचा पत्ता.

'वाचून दाखव.'

'ई, मग दोन टिंबं, मग तिरकी रेघ...'

'थांब. ई?'

'ई.'

'आई, तुझ्या लॅपटॉपमध्ये ई नाहीच आहे. सी आहे आणि डी आहे.' तिने कपाळाला हात लावला. 'अरे देवा. मीच केला होता ते. दोन वर्षांपूर्वी पूजेच्या सुट्टीत. तुझा लॅपटॉप पूर्ण भरला होता ना, म्हणून मी तुझे फोल्डर्स त्या काळ्या हार्ड डिस्कवर टाकले. ती नेहमी लावलेलीच असायची. मी तुला सांगितला होता!'

'मला वाटलं त्यात फोटो आहेत.'

'फोटो पण आहेत. ती लाव ना परत, सगळे येतील. कुठे आहे ती?'

मी टेबलाकडे बघितलं. जिथे ती काळी डबी दोन वर्षं पडून असायची तिथे तिच्या आकाराची स्वच्छ जागा होती, भोवती धूळ. आणि मला एकदम आठवलं.

आम्ही घर बंद करून गावाला जातो तेव्हा माझी एक शिस्त आहे. ती मी माझ्या आईकडून घेतली आणि आईने तिच्या आईकडून. निघायच्या आदल्या दिवशी घरातलं जे जे मोलाचं असेल ते गोळा करायचं, खणाच्या कापडात गुंडाळायचं, गाठ मारायची आणि बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवायचं. यंदा मी पाटल्या घेतल्या, तोडे घेतले, पुण्याच्या फ्लॅटची कागदपत्रं घेतली. मग टेबलावरच्या काळ्या डबीकडे लक्ष गेलं. यात लेकीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत, घरात चोर आला तर? म्हणून तीही त्याच हिरव्या खणात गुंडाळली. नवऱ्यावर तीन दिवस चोरीचा आळ घेऊन झाल्यावर निष्पन्न हे झालं, की माल मीच लंपास केला होता, आणि वर त्याला कुलूप घातलं होतं.

'कुठे आहे, आई?'

'बँकेत,' मी म्हटलं. 'तोड्यांच्या शेजारी.'

मुलगी इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला आणि मला तिच्या खोलीचं छत दिसायला लागलं. माझ्या पाठीमागूनही हसण्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

सोमवारी बँक उघडायच्या वेळी मी चपला घालत होते तर नवराही तयार होऊन आला. त्याने गोदीत फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं होतं. 'पुरावा बाहेर काढताना आरोपी हजर लागतो,' तो म्हणाला. बँकेत आम्ही वहीत सह्या केल्या. लॉकरचं काम बघणाऱ्या बाई आम्हाला ओळखतात. मी खणाची गाठ सोडून दागिने बाजूला सारले आणि त्यातून वायरीसकट हार्ड डिस्क बाहेर काढली, तेव्हा त्या किल्ली हातात धरून बघतच राहिल्या. 'एटाओ शोना?' त्यांनी विचारलं, हेही सोनंच का? 'त्याच्यापेक्षा जास्त,' नवरा बंगालीत म्हणाला. बंगालीत त्याला जे सुचतं ते मराठीत कधी सुचत नाही.

घरी येऊन मी डिस्क लावली. प्रोग्राम उघडला. ट्रॅश आणि आउटबॉक्स, दोन्ही रिकामी.

मी आता मात्र खरोखरच रडकुंडीला आले. डिस्क बिघडली असेल, लॉकरच्या दमट हवेने मेली असेल, काकाबाबूंचं ऐकून ऊन दाखवायला हवं होतं. मुलगी वर्गात होती, तिला मेसेज केला. बाकाखालून तिचं उत्तर आलं: 'दुसरा काही लावलाय का लॅपटॉपला?' लावला होता. नवऱ्याने त्याच्या अहवालांचा पेन ड्राइव्ह सकाळी लावून ठेवला होता. पहिला आला म्हणून संगणकाने ई हे अक्षर त्याला देऊन टाकलं होतं, आणि माझ्या डिस्कला एफ वर बसवलं होतं. प्रोग्राम बिचारा ई च्या दारात जाऊन बघत होता आणि तिथे जहाजांचे अहवाल होते. म्हणजे आरोपीचा थोडा तरी हात निघालाच. मी ते त्याला ऐकवलं. त्याने पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला. मी प्रोग्राम बंद केला, डिस्क काढली, पुन्हा लावली. ती ई झाली. मग प्रोग्राम उघडला.

सगळे आले. एकाखाली एक. 'आई', 'काम', 'शाळा', 'लग्नाआधी'. मी टाळी वाजवली. नवऱ्यानेही वाजवली, हे मला जरा खटकलं.

'बस इथे,' मी म्हटलं. 'तुझ्या डोळ्यांदेखत वाचते.'

तो खुर्ची ओढून बसला. मेल सापडायला वेळ लागला नाही. मी तो मोठ्याने, वकिली थाटात वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला इथल्या उकाड्याबद्दल आणि खानावळीतल्या जेवणाबद्दल बरंच होतं. मग आली ती ओळ. 'कलकत्त्यात आपण फक्त तीन वर्षं राहायचं.' मी विजयाने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, 'पुढे वाच.'

पुढे होतं. पुढे आहे हे मी पार विसरले होते. 'त्यानंतर कुठे राहायचं ते तू सांगायचंस. तू ज्या दिवशी चल म्हणशील त्या दिवशी मी निघेन. का ते विचारणार नाही.'

मी ते मनातल्या मनात दोनदा वाचलं. वकिली थाट गेला.

'मी तर कायम म्हणत होते,' मी म्हटलं. माझ्याच कानाला ते खरं वाटलं नाही.

'तू तीन वर्षं म्हणायचीस,' तो म्हणाला. 'चल असं एकदाही म्हणाली नाहीस. मी वाट बघत होतो. पहिली दोन-चार वर्षं तर भीत भीत बघत होतो. नंतर माझ्या लक्षात आलं.'

'काय?'

'की तू म्हणणार नाहीस.'

तो चिडून बोलत नव्हता, टोमणाही मारत नव्हता. चौथ्या वर्षी मी काय करत होते ते मला लख्ख आठवलं. मुलगी दोन वर्षांची होती, मला पहिलं भाषांतराचं काम मिळालं होतं. ती झोपली की मी खिडकीशी टेबल ओढून लिहायला बसायची, आणि दुपारभर कुणीही दार वाजवायचं नाही. पुण्यात असते तर कुणाची मंगळागौर होती, कुणाचं बाळंतपण होतं, कुणाला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि घरीच असते म्हणून पहिली हाक मलाच आली असती. इथे मला कुणी हाक मारत नव्हतं. मला ते आवडलं होतं. भयंकर आवडलं होतं. पण आईला फोनवर हे कसं सांगायचं, की मला तुमच्यापासून लांब राहायला आवडतंय? त्यापेक्षा नवऱ्याने अडकवलंय हे सांगणं किती सोपं होतं. मी ते सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं.

'आईला का नाही सांगितलंस?' मी विचारलं. 'दर दिवाळीला ती तुला बोलते. सगळ्यांसमोर बोलते. मेलमधलं पुढचं सांगायचंस ना तिला.'

त्याने खांदे उडवले. 'त्या माझ्यावर रागावल्या तर काय होतं? एक तास रागावतात, मग चकल्या देतात. तुझ्यावर रागावल्या असत्या तर तू सहा महिने झोपली नसतीस.'

मला रडू आलं. शुक्रवारपासून येऊ घातलं होतं ते आलं, पण फोल्डरसाठी नाही. एकोणीस वर्षं या माणसाने माझ्या वाटचं ऐकून घेतलं आणि मी शेजारी उभी राहून ऐकू दिलं, याची मला इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना. तो उठून पाण्याचा पेला घेऊन आला. इतकं चांगलं वागायला याला सांगितलंय कुणी, असंही मनात आलंच.

'इथेच राहू या,' मी म्हटलं. 'मला इथे राहायचंय. तुला?'

'मला विचारतेयस?' तो म्हणाला, आणि खरंच आश्चर्य वाटल्यासारखा बघत राहिला. मग म्हणाला, 'हो. मलाही.'

काकाबाबूंना सांगायला मी खाली निघाले होते, पण जिन्याच्या तोंडाशी थांबले आणि परत आले. आधी पुण्याला सांगायला हवं होतं. मी फोन लावला. भावाच्या बायकोने उचलून आईला दिला. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही, कारण बोलले असते तर राहून गेलं असतं. सगळं एका दमात सांगितलं. आम्ही पुण्याला येत नाही, हे घर घेतोय. हे मी ठरवलंय. आणि इतकी वर्षं इथे राहिलो ते त्याच्यामुळे नाही, माझ्यामुळे. त्याने तीन वर्षांनंतरचं सगळं माझ्यावर सोडलं होतं आणि मी कधी निघू या म्हटलंच नाही.

आईच्या मागे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केलेला मला ऐकू आला.

'म्हणजे इतकी वर्षं मी त्याला उगाच बोलत होते,' ती म्हणाली.

'हो.'

'आणि तू ऐकत उभी होतीस.'

'हो, आई.'

'फोन दे त्याला.'

मी फोन त्याच्या हातात दिला. तो घेऊन खिडकीशी गेला. पलीकडून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो मधून मधून 'नाही हो', 'अहो, असं काय बोलता', एवढंच म्हणत होता. मग तिचा आवाज थोडा चढला आणि तो नुसता ऐकत राहिला. मी दाराशी उभी होते. त्याने माझ्याकडे पाठ केली, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि आवाज खाली आणून म्हणाला, 'ते सगळं ठीक आहे, आई. पण तिला काही बोलू नका.'